हप्त्यावरची शर्यत

पोरांच्या हट्टाला कंटाळलेल्या आईबापांनो, हे तुमच्यासाठी. ‘सिम रेसिंगचा फुल सेटअप घ्या, व्हीआर घ्या’ म्हणणारे रीलवाले खाली लिंक टाकतात. त्या लिंकवर आपल्याला कमिशन मिळतं, हे किती जण तोंडानं सांगतात? वर उदाहरण जान मार्डेनबरोचं. गेम खेळत खेळत २०११ साली तो खऱ्या रेसिंगमध्ये पोचला, खरंय. पण स्पर्धा निसानची होती आणि गाडीही त्यांनीच दिली, हे सोयीस्कर गाळतात.

मुळात क्रमच उलटा शिकवतात. व्हीआर म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं, तीही सेकंदाला ९०च्या आसपास. त्यासाठी दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि खरा खड्डा तिथं पडतो. चित्र अडखळलं की पोराला मळमळायला लागतं. मग चष्मा कपाटात, हप्ता चालू!

आधी लॉजिटेक जी२९सारखं साधं स्टिअरिंग घ्या, सेकंडहँड का होईना. जड टेबलाला आवळा. चाकाची खुर्ची नको हो, ब्रेक दाबला की खुर्चीच मागं पळते. घरातल्या मॉनिटरवर ‘असेटो कोर्सा’ खेळू द्या. २०१४चा गेम आहे, बेताच्या कॉम्प्युटरवर चालतो आणि पुढं व्हीआर घेतलंच तर त्यातही चालतो. सहा महिन्यांनी हौस टिकली तर पहिला पैसा पेडलवर. लोडसेल ब्रेक पायाचा जोर मोजतो, फक्त अंतर नाही.

आणि ‘शून्य व्याज’ पाटीखालची प्रोसेसिंग फी दुकानदाराला आधी मोठ्यानं वाचायला लावा.