डोंगर सांगणारा माणूस

पदभ्रमणाचे वेड आपल्या महाविद्यालयात वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. शुक्रवारी रात्री दिलसुखनगरच्या मेट्रो स्थानकाखाली पाठीवर पिशव्या अडकवलेली पाच-पंचवीस मुले तरी बसची वाट पाहत असतात. कोणी हरिश्चंद्रगडाला निघालेले असते, कोणी महाबळेश्वरला, तर आपल्या कन्नड विभागातले मित्र कुद्रेमुखाला. सोमवारी त्यांना विचारावे, ‘काय पाहिले?’ उत्तर ठरलेले. ‘धुके मस्त होते, चार तासांत वर पोचलो.’ माझे भांडण या उत्तराशी आहे.

यात मुलांचा दोष आहे असे मला वाटत नाही. त्यांना सांगणारे कोणी नसते. गेल्या वर्षी अशाच एका सहलीबरोबर मी महाबळेश्वरला गेलो होतो. वाटाड्याने कड्यावर उभे करून खडकात हत्तीचे डोके आणि सोंड दाखवली. सर्वांनी फोटो काढले आणि मंडळी चहाला वळली. सोंड खोटी नव्हती. पण त्याच कड्यावर आडवे पट्टे स्पष्ट दिसत होते, त्यांविषयी चकार शब्द निघाला नाही. तो प्रत्येक पट्टा म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर येऊन पसरलेल्या लाव्हाचा एक थर. एकावर एक असे थर साचून सह्याद्री उभा राहिला. कठीण थराचा कडा झाला, मऊ थराची गवताळ उतरण झाली. म्हणून गड चढताना कडा, टप्पा, पुन्हा कडा असा क्रम लागतो. दोन थरांच्या सांध्यांतून पाणी झिरपते. ऐन उन्हाळ्यात गडावरची काही टाकी भरलेली असतात ती त्यामुळे. आणि ज्या डोंगरावर आम्ही उभे होतो तेथेच कृष्णा उगम पावते, तिचेच पाणी हैदराबादच्या नळांना येते! दिलसुखनगरहून आलेल्या चाळीस जणांना एवढे जरी कोणी सांगितले असते, तरी ती सोंड कोणाला आठवली नसती.

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या ईनॉस मिल्स या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘निसर्ग-वाटाड्या’ हा स्वतंत्र पेशाच मानला आणि १९२० साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे १९५७ मध्ये फ्रीमन टिल्डन यांनी या कामाचे शास्त्र मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नुसती माहिती देणे म्हणजे उलगडून सांगणे नव्हे. समोरच्या वस्तूचा ऐकणाऱ्याच्या आयुष्याशी सांधा जुळला पाहिजे. आपल्याकडे १८८३ साली स्थापन झालेली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निसर्गशिबिरे भरवत आली आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासच्या पठारावर तर आसपासच्या गावांतले लोकच वाटाडे होतात. तेथे जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर असतो, त्यात पोषण कमी. म्हणून दवबिंदूसारखी वनस्पती किडे धरून खाते. हे ऐकल्यावर बीदरच्या विद्यार्थ्याने हरखून जावे, कारण बीदरचे पठारही जांभ्याचेच आहे.

कोणी म्हणेल, निसर्ग अनुभवावा, त्यावर व्याख्यान कशाला? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. अखंड बडबडणाऱ्या वाटाड्यापेक्षा मुका डोंगर बरा. परंतु गाण्याच्या बैठकीत शेजारच्या जाणकाराने हळूच रागाचे नाव सांगितले तर गाणे बिघडते का? मला तर पुढची तान अधिक ऐकू येते.

खरे म्हणजे यासाठी सह्याद्रीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. विजयवाड्याच्या रस्त्यावर, आपल्यापासून आठ-दहा किलोमीटरवर महावीर हरिण वनस्थली आहे; निजामाचे जुने शिकारीचे रान. तेथल्या प्राण्याला आपण काळवीट म्हणतो, कन्नड मित्र कृष्णमृग म्हणतात, तेलुगूत तोच कृष्ण जिंक. आणि या शहरातले ते गोल धोंडे! ते कोठूनही गडगडत आलेले नाहीत. जमिनीखालच्या ग्रॅनाइटला उभ्याआडव्या भेगा पडल्या, पाण्याने कोपरे झिजले, भोवतालची माती वाहून गेली आणि धोंडे एकावर एक जागच्या जागी उघडे पडले. वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. त्यांच्यापुढे सह्याद्री म्हणजे कालचे पोर.

१९९६ पासून ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था या दगडांसाठी झटते, लोकांना ते पाहायला घेऊन जाते. तरी इमारतींसाठी सुरुंग लागतच राहिले. २०२५ च्या मार्चअखेर कांचा गच्चीबावलीच्या चारशे एकरांवर यंत्रे चालली, तेव्हा शेजारच्या विद्यापीठाचे विद्यार्थी आडवे आले. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. ते रान रोजच्या पायाखालचे होते म्हणूनच ती मुले उभी राहिली, असे मला वाटते. आपल्या बाजूच्या टेकड्यांसाठी कोण उभे राहणार? त्यांची नावे तरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

म्हणून माझी सूचना अशी, की वार्षिक सहलीचा थोडा पैसा काढून दर सत्रात दोन फेऱ्या ठेवाव्यात. पंधराच विद्यार्थी, तीन तास, ध्वनिवर्धक नको. दगडांसाठी भूगोलाचे प्राध्यापक चालतील. मराठी आणि कन्नड विभागांनी झाडापाखरांची नावे दोन्ही भाषांत जमवावीत. तेलुगु नावे गुराख्यांकडून आणि ताडी काढणाऱ्यांकडून मिळतील. त्यांनाही फेरीला बोलवावे, आणि प्राध्यापकांइतकेच मानधन द्यावे.