पुटपुट आणि धडाम

नवरात्र सरलं, यात्रेकरू पांगले, की माहुरात रात्री दहानंतर कुत्रं भुंकलं तरी सगळ्या आळीला कळतं. अशा गावात मी घरी सिनेमा लावतो. नायक नायिकेच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो. आजी विचारते, "काय म्हणलं रे त्यानं?" मी आवाज तीसवर नेतो. नेमकी तेव्हाच पडद्यावर मोटार उडते, खिडकीची तावदानं थरथरतात, पाळण्यातलं लेकरू किंचाळून उठतं. पंधरावर आणा. पुन्हा पुटपुट. पुन्हा तीस. सिनेमा बघायला बसलो की रिमोटची हमाली करायला?

चूक ना माझी, ना आजीच्या कानांची. थिएटरसाठी ध्वनी ८५ डेसिबलची पातळी धरून बांधतात आणि पडद्यामागच्या एकेका वाहिनीला धडाक्यासाठी १०५ पर्यंत मुभा देतात. आपल्याकडे २००० सालचा ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागाला रात्री देतो फक्त ४५! फरक ६० डेसिबलचा. दर दहाला ध्वनीची शक्ती दसपट होते, म्हणजे एकूण दहा लाख पट. एवढा ऐवज दहा बाय बाराच्या खोलीत जसाच्या तसा ओतायचा, याला अक्कल म्हणतात?

त्यात टीव्ही बोटभर जाडीचा. त्याचे स्पीकर जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसलेले, आणि खोक्यावर छापलंय 'सिनेमॅटिक साउंड'. थिएटरात संवादाला मधली स्वतंत्र वाहिनी असते. इथं संवाद, संगीत आणि स्फोट त्याच दोन टिचभर भोकांतून एकमेकांना तुडवत बाहेर पडतात.

यावर काही बोलावं, तर ध्वनिशुचितेचे सोवळे आचार्य धावून येतात. म्हणे चढउतार सपाट केला की कलेची हत्या होते! मग ख्रिस्तोफर नोलानचं काय करायचं? 'इंटरस्टेलर'मधले काही संवाद मुद्दाम दबवले, असं त्यानं २०१४ मध्ये स्वतःच सांगितलं. 'टेनेट' तर लोकांनी सबटायटल वाचत पाहिला. चित्रावर अक्षरांच्या ओळी चढल्या तरी यांची कला शाबूत राहते, आणि माझ्या घरात आवाज समतल करणाऱ्या एका बटणानं ती मरते? असली नाजूक कला कशाला जगवायची?

'सैराट'चा शेवट आठवा. लेकराची रक्तानं माखलेली पावलं, आणि आवाजच नाही. नागराज मंजुळेंची ती शांतता कुठलंही यंत्र बिघडवू शकत नाही. शून्याला कितीनंही गुणा, शून्यच उरतं. खऱ्या शांततेला बटणाची भीती नाही. भीती आहे ती पुटपुटीला गांभीर्य समजणाऱ्यांना.

आणि हे बटण काही कुणाला नव्यानं शोधायचं नाही. डॉल्बी डिजिटलच्या ध्वनिप्रवाहातच सोय आहे: मोठा आवाज कुठं दाबायचा, बारीक कुठं उचलायचा, याच्या सूचना त्यात भरून पाठवता येतात. पण टीव्हीवाले ती सोय सेटिंगच्या तळघरात पुरतात. कुठं 'नाइट मोड', कुठं 'ऑटो व्हॉल्यूम', कुठं 'डायनॅमिक रेंज'. रिमोटवर ओटीटी कंपन्यांच्या जाहिरातवजा बटणांना जागा आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला संवाद ऐकवणाऱ्या बटणाला नाही. ते रिमोटवर आणा, ठसठशीत, मराठी नाव घालून.

गेल्या आठवड्यात मी ते खणून काढलं. आजीनं अख्खा सिनेमा पाहिला, एकदाही "काय म्हणलं" विचारलं नाही. नायकाला मात्र सणसणीत शिव्या घातल्या. तो बायकोशी काय बोलतो, ते तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.