गॅसच्या थकबाकीत गेलेले पांढरे हंस

नोव्हेंबर १९९८ची गोष्ट. युक्रेनच्या उत्तर भागातील प्रिलुकी या लष्करी विमानतळावर एक विमान तोडण्यास प्रारंभ झाला. ते विमान होते तुपोलेव्ह-१६०, जगातील सर्वांत मोठे स्वनातीत बॉम्बफेकी विमान. कमाल उड्डाणभार २७५ टन, पोटात १२ क्रूझ क्षेपणास्त्रे आणि वाटेत इंधन न घेता सुमारे १२,००० किलोमीटर जाण्याची क्षमता! शुभ्र रंगामुळे रशियात त्याला ‘पांढरा हंस’ म्हणतात. त्या हंसाचे पंख कापण्याचा खर्च अमेरिकेने उचलला होता. कापणारे हात मात्र ज्याच्या मालकीचे ते विमान, त्याच देशाचे होते.

१९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेव्हा असे १९ हंस युक्रेनच्या वाट्याला आले. जोडीला तुपोलेव्ह-९५ जातीची लांब पल्ल्याची विमाने आणि संख्येने जगात तिसरा ठरावा एवढा अण्वस्त्रांचा साठा. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन या तिघांनी युक्रेनच्या सार्वभौमत्वाचा व सीमांचा आदर करण्याचे लेखी मान्य केले. मोबदल्यात युक्रेनने अण्वस्त्रे सोडली. १९९६च्या जूनपर्यंत शेवटचे अण्वस्त्र रशियात पोहोचलेही. या करारपत्राच्या इंग्रजी मसुद्यात ‘हमी’ हा शब्द नाही, ‘आश्वासन’ हा शब्द आहे. मुत्सद्देगिरीच्या व्यवहारात या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, ते युक्रेनला वीस वर्षांनी कळले.

उरलेल्या विमानांची कथा तर अधिक विदारक आहे. १० हंस भंगारात गेले, एक पोल्टाव्हाच्या संग्रहालयात गेला. बाकीचे ८ हंस, तुपोलेव्ह-९५ जातीची ३ विमाने आणि सुमारे ५७५ क्रूझ क्षेपणास्त्रे १९९९च्या करारानुसार रशियाच्या स्वाधीन झाली. कशापोटी? नैसर्गिक वायूच्या थकलेल्या देण्यापोटी! हिशेब ठरला २८.५ कोटी डॉलरचा. घरातील चूल पेटती ठेवण्यासाठी भिंतीवरची तलवार शेजाऱ्याकडे द्यावी, तसा हा प्रकार. या आठ विमानांमुळे रशियाचा ताफा सुमारे दुप्पट झाला.

पुढचे सर्वांनी पाहिले आहे. २०१४मध्ये क्रिमिया गेला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर सर्वंकष आक्रमण झाले आणि त्याच जातीच्या विमानांतून सुटलेली क्षेपणास्त्रे युक्रेनच्या नगरांवर कोसळू लागली. अण्वस्त्र काढून घेतलेल्या जुन्या ख-५५ क्षेपणास्त्रांचे अवशेषही तेथे सापडले. १९९९मध्ये स्वाधीन केलेली क्षेपणास्त्रे याच कुळातील होती.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. युक्रेनपाशी पर्याय होता काय? अर्थव्यवस्था कोसळलेली, चेर्नोबिलची जखम ताजी, अण्वस्त्रांच्या नियंत्रणाच्या किल्ल्या मॉस्कोच्या हाती आणि एवढी विमाने पोसण्याची ऐपत नाही. हे सारे खरे आहे. परंतु दुर्बलतेच्या काळात तह करणे हा दोष नव्हे. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवछत्रपतींनीही २३ किल्ले दिले होते. मात्र १२ किल्ले हाती राखले आणि १६७०मध्ये सिंहगडापासून गेलेले किल्ले परत घेण्यास आरंभ केला. तह केल्यावर पुन्हा उभे राहण्याचे साधन हाती ठेवायचे की दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून निजायचे, येथे भेद आहे.

युक्रेन उशिरा का होईना, जागा झाला. १ जून २०२५ रोजी मालमोटारींत दडवून नेलेल्या लहान ड्रोननी त्याने रशियाच्या बॉम्बफेकी विमानांच्या तळांवर प्रहार केला. त्यातील बेलाया हा तळ युक्रेनपासून ४,००० किलोमीटरहून दूर, सैबेरियात आहे. ४१ विमानांना फटका बसल्याचा युक्रेनचा दावा. अमेरिकी अंदाज त्याहून बराच कमी. पण तुपोलेव्ह-९५चे उत्पादन १९९०च्या दशकाच्या आरंभीच थांबलेले असल्याने नष्ट झालेल्या प्रत्येक विमानाची जागा रिकामीच राहणार. ज्या शौर्याने हा प्रहार झाला ते वंदनीयच. परंतु जे शस्त्र एके काळी आपल्याच धावपट्टीवर उभे होते, त्याच्या कुळाचा नाश करण्यासाठी पुढच्या पिढीला प्राण पणाला लावावे लागतात, याला काय म्हणावे?

आपल्याकडेही त्याच दशकात अण्वस्त्रे नकोत, जगाचे ऐका, करारावर सही करा, असे सांगणारे विद्वान थोडे नव्हते. १९९६मध्ये जिनिव्हा येथे अरुंधती घोष यांनी भारताचा नकार ठामपणे मांडला आणि मे १९९८मध्ये अटलजींच्या शासनाने पोखरणला पाच चाचण्या केल्या. निर्बंध आले, पण राष्ट्र वाकले नाही. प्रिलुकीला हंसाचे पंख कापले गेले तेही याच वर्षी. दोन देशांच्या दोन निर्णयांची फळे आज जगापुढे आहेत.

मात्र पोखरणचा अभिमान बाळगून स्वस्थ बसण्यासारखी स्थिती नाही. युक्रेनचे हंस रणांगणात पडले नाहीत. ते इंधनाच्या खातेवहीत गेले. आपण आजही खनिज तेलाचा ८० टक्क्यांहून अधिक वाटा बाहेरून आणतो. ‘तेजस’ विमान आपले, पण त्याचे इंजिन अमेरिकेचे. म्हणूनच स्वदेशीचा आग्रह हा केवळ भावनेचा विषय नाही, तो संरक्षणाचा विषय आहे. जे राष्ट्र इंधनासाठी आणि इंजिनासाठी दुसऱ्याच्या दारी उभे असते, त्याच्या शस्त्रागाराची किल्लीही कधीतरी त्याच दारी मागितली जाते. प्रिलुकीच्या ओस धावपट्टीने हे शिकवले आहे. ते आपण दुसऱ्याच्या अनुभवावरून शिकावे. स्वतःच्या अनुभवाची वाट पाहू नये.