पावतीतला धूर

कंपनीच्या गाड्या वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड सोडतात, असं ट्रान्सपोर्ट विभागाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: सगळ्यांची पीयूसी आहे. गाड्या बीएस-६ असतील तर तेच उत्तर आणखी ठसक्यात येतं. उत्तर खरं असतं, फक्त ते या प्रश्नाचं नसतं. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, डिझेल गाडीच्या धुराची दाटी पाहतात. कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादाच नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ निकषांनी इंधनातलं गंधक आणि धुरातली काजळी कमी केली, नायट्रोजनच्या ऑक्साइडांना लगाम घातला. शहरात श्वास घेणाऱ्यांवर ते उपकारच आहेत. पण इंधन जितकं पूर्ण जळेल, तितका त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडणार. स्वच्छ दिसणारा धूर हा हवामानाच्या हिशेबात निर्दोष धूर नव्हे.

हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. शेअर बाजाराची नियामक ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात स्वतःच्या चिमण्या, बॉयलर आणि गाड्यांतून होणारं उत्सर्जन पहिल्या कक्षेत, म्हणजे ‘स्कोप १’मध्ये दाखवावं लागतं, विकत घेतलेल्या विजेचं दुसऱ्या कक्षेत.

मग पुढचा पूर्वपक्ष उभा राहतो: मोजायचं कसं? प्रत्येक सायलेन्सरला यंत्र लावायचं का?

लावायचं नाही. इथे रसायनशास्त्र कारकुनाच्या मदतीला धावून येतं. लिटरभर डिझेलचं वजन साधारण ८४० ग्रॅम, त्यातला कार्बन सुमारे ७३० ग्रॅम. जळताना कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटतात, म्हणून लिटरमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. इंधनापेक्षा धूर वजनाला तिप्पट हे ऐकून लोक चमकतात, पण वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं असतं. पेट्रोलसाठी हाच आकडा सुमारे २.३१ किलो. थोडक्यात, पंपावरची पावती हाच धुराचा दाखला. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, एचपीचं ड्राइव्हट्रॅक ही इंधनकार्डं वाहनवार खर्चाचा हिशेब ठेवतात आणि वापरणाऱ्या कंपन्या ही बिलं दर महिन्याला तपासतात. डिझेलचोरी पकडायला तपासतात, हा भाग वेगळा.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे. एसटीच्या आगारात ‘केपीटीएल’ हा शब्द जुना आहे: दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर. कोणता चालक क्लच दाबून ठेवतो, कोणत्या गाडीचा पंप बिघडला आहे, हे त्या आकड्यावरून ओळखतात. हवामानबदलाची चर्चा आगारात पोचण्याच्या कितीतरी आधीपासून एसटी लिटर आणि किलोमीटर शेजारी शेजारी मांडत आली आहे. त्या लिटरला २.६८ ने गुणायला नवं खातं उघडावं लागत नाही.

गडबड होते ती आळसाच्या वाटेने. पावत्या गोळा करण्याऐवजी काहीजण किलोमीटर घेतात आणि गाडीच्या जाहिरातीतल्या ‘अ‍ॅव्हरेज’ने भागतात. समजा वीस गाड्या, प्रत्येकी रोज १०० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस. प्रत्यक्षात लिटरला १० किलोमीटर मिळत असतील तर ६०,००० लिटर, म्हणजे सुमारे १६१ टन. माहितीपत्रकातला १४ चा आकडा धरला तर तेच उत्सर्जन ११५ टनांवर येतं. एक थेंब डिझेल न वाचवता ४६ टन गायब! ही अतिशयोक्ती वाटत असेल तर युरोपीय आयोगाचा मार्च २०२४ चा अहवाल पाहावा. गाड्यांमधल्याच इंधनमापकांवरून त्यांनी ताडून पाहिलं. पेट्रोल-डिझेल गाड्या रस्त्यावर प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतात असं निघालं; चार्जिंग करता येणाऱ्या हायब्रिड गाड्यांचं तर सरासरी साडेतीन पट. त्या गाड्या अपेक्षेपेक्षा फार कमी वेळा चार्ज होतात, हे त्याचं एक कारण. पावतीला मात्र माहितीपत्रक वाचता येत नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: गाड्यांचा वाटा असतो केवढा? पोलाद किंवा सिमेंटच्या कारखान्यात तो खरोखरच नगण्य असतो आणि तिथे जीपगाड्यांच्या लिटरांवर समिती नेमणं म्हणजे वणवा सोडून उदबत्ती विझवणं. हे मान्यच केलं पाहिजे. पण कुरिअर, दूध, औषधं, किराणा पोचवणाऱ्यांचा धंदाच चाकांवर चालतो. अमेरिकेतल्या यूपीएसने मार्ग आखण्याची ‘ओरायन’ ही संगणकप्रणाली आणली; तिला २०१६ मध्ये फ्रान्झ एडेलमन पुरस्कार मिळाला. कंपनीच्या म्हणण्यानुसार वर्षाला सुमारे एक कोटी गॅलन इंधन आणि एक लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. गॅलनचे लिटर करून २.६८ ने गुणलं तर दोन आकडे एकमेकांशी जुळतात. कंपनीचा दावा बाहेरच्या माणसाला असा पाच मिनिटांत पडताळता येतो, हा या हिशेबाचा खरा गुण.

“इलेक्ट्रिक घेतल्या, प्रश्न मिटला” हा चौथा पक्ष अर्धा खरा आहे. पहिल्या कक्षेतला आकडा शून्य होतो, पण दुसऱ्या कक्षेत तो पुन्हा उगवतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशातल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. युनिटला सात किलोमीटर धावणारी कार म्हणजे किलोमीटरला १०० ग्रॅम. लिटरला १५ धावणारी डिझेल कार सुमारे १८० ग्रॅम. फायदा चांगलाच आहे, मग शून्याची फुशारकी कशाला? गाडीच्या एसीचं तर कोणी नावच काढत नाही. आर-१३४ए वायूचा एक किलो सुमारे १,३०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. अर्धा किलो गळला तर २४० लिटर डिझेल जाळल्यासारखं, आणि गॅरेजच्या बिलावर फक्त ‘गॅस भरला’.

खरी मेख मात्र मोजण्यात नाही, कुंपणात आहे. उत्सर्जनाच्या जमाखर्चाचा जगभर पाळला जाणारा ‘जीएचजी प्रोटोकॉल’ २००१ मध्ये आला. त्याच्या नियमांनुसार कंपनीच्या ताब्यातली गाडी पहिल्या कक्षेत आणि ठेकेदाराची गाडी तिसऱ्या कक्षेत. बीआरएसआरमध्ये ही तिसरी कक्षा ऐच्छिक. म्हणजे आपले ट्रक विकून तेच ट्रक ठेक्याने घेतले की अहवालातलं उत्सर्जन घटतं. भिवंडीच्या गोदामातून माल त्याच रस्त्याने, त्याच कसारा घाटातून नाशिकला जात राहतो. हिंजवडीच्या कर्मचारी-बसचंही तसंच. रंगरूप कंपनीचं, करार ठेकेदाराशी, धूर कोणाचाच नाही.

यावर बचाव येतो तो असा, की ठेकेदाराने किती डिझेल जाळलं हे आम्हाला कसं कळणार? तो टिकणारा नाही. मालवाहतुकीच्या करारांत डिझेलच्या दराप्रमाणे भाडं वरखाली करण्याचं कलम सर्रास असतं. ते लागू करायला गाडी लिटरला किती किलोमीटर देते हे गृहीत धरावंच लागतं. ठेकेदार जास्त आकारत असेल तर खरेदी विभाग त्या आकड्यावरून दोन-दोन तास घासाघीस करतो. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर अहवाल लिहिणारा विभाग तिसऱ्या कक्षेच्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ असं टंकत असतो.