वार्धक्यातील दीर्घ आजार आणि कष्टकरी कुटुंबाची मिळकत



पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली, उधना या परिसरात खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे कापड बाजारात व लूमवर कष्ट करून स्थिरावली. त्यांतील पहिली पिढी आज वृद्ध झाली आहे. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार एकदा घरात शिरले की जन्मभर मुक्काम करतात, आणि त्यांचा खर्च दरमहा घरभाड्याप्रमाणे उभा राहतो.

शासनाने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, उत्पन्नाची अट न ठेवता, वार्षिक ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले.

तथापि या योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांवर आहे. घरी परतल्यावर १५ दिवसांपर्यंतचाच औषधखर्च तीत बसतो. मूत्रपिंड निकामी झाल्यावरचे डायलिसिस मिळते; ते निकामी होऊ नये म्हणून लागणारी रोजची गोळी मात्र मिळत नाही. सरकारी रुग्णालयात औषध विनामूल्य असले, तरी वृद्धास सोबत नेणाऱ्याचा रोज बुडतो. मग गोळ्या एकाआड एक दिवस घेतल्या जातात, आणि वाचवलेले शेकडो रुपये पुढे हजारोंनी फेडावे लागतात. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा ६० ते ७९ वयासाठी आजही मासिक २०० रुपयेच आहे.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या ईएसआय विमाधारकाच्या अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही बाह्यरुग्ण उपचार व औषधे मिळतात. परंतु नगावर मजुरी घेणाऱ्या अनेकांचे नाव हजेरीपटावरच नसते. दुखण्याचे खरे मूळ येथे आहे.

तरी सभासदांस विनंती की, घरातील सत्तरीपुढील वडीलधाऱ्यांचे वय वंदना कार्ड आधारकार्डावरून काढून घ्यावे. गावी राहणाऱ्यांचेही काढावे, कारण ते देशभर संलग्न रुग्णालयांत चालते. वैद्यांच्या सल्ल्याने जनऔषधी केंद्रातील स्वस्त औषधे घ्यावीत. आणि ज्यांच्या हाताखाली कामगार आहेत, त्यांनी त्यांची नावे नियमानुसार नोंदवावीत. अन्नदानाइतकेच हेही पुण्यकर्म आहे.

आपला नम्र,
चिटणीस, विश्वस्त मंडळ