काचपेटीतील शेजार

मत्स्यपेटीचा हट्ट बहुधा नातवंडांचा असतो. त्यातील जिवांची जबाबदारी मात्र वडीलधाऱ्यांची. दुकानात मासे रंगावरून निवडले जातात. वास्तविक आधी विचारावा तो पूर्ण वाढीचा आकार आणि मग स्वभाव.

निऑन टेट्रा जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटरचा. दुकानात नाण्याएवढा दिसणारा एंजल मासा वाढला की त्यालाच गिळू शकतो. टायगर बार्ब गप्पीची झुपकेदार शेपटी कुरतडतो. काचेआड पळून जाण्यास वाट नसते. त्यामुळे अशा हिंसेचे मूळ आपल्याच निवडीत असते.

शांत शेजार हवा असल्यास पाण्याचे थर वाटून द्यावेत. वरच्या थरात झेब्रा डॅनिओ, मध्ये निऑन टेट्रा, तळाशी बारीक वाळूवर कोरिडोरस; सुमारे २४ अंश तापमान या तिघांनाही मानवते. हे सारे थव्याने राहणारे. म्हणून प्रत्येक जातीचे किमान ६ मासे ठेवावेत; एकटा मासा भेदरलेला राहतो. त्यांच्यासाठी १०० लिटरची पेटी हवी.

एवढी जागा वा सवड नसेल, तर पेटी न आणणे हीच खरी जीवदया होय.