गोष्टीतला राक्षस आणि गावातला भोंदू

सातारा-सांगलीकडच्या घरांत मुलाच्या हाती जादूचे, राक्षसांचे, उडत्या घोड्यांचे पुस्तक दिसले की दोन आक्षेप हमखास निघतात. पहिला परीक्षेचा. शिष्यवृत्ती तोंडावर आली आहे, नवोदयचा फॉर्म भरला आहे, सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावला आहे, आणि पोरगा चेटकिणीच्या गोष्टी काय वाचत बसलाय? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा असतो आणि तो बहुधा शिकलेल्या, स्वतः वाचणाऱ्या पालकांकडून येतो. मुलांना विज्ञाननिष्ठ करायचे म्हणता, मग भूत, वेताळ, जादूची कांडी असले काही त्यांच्या डोक्यात कशाला भरता? अशाने पोरे अंधश्रद्धाळू होणार नाहीत तर काय!

पहिल्या आक्षेपावर फार वेळ घालवायला नको. गोष्टीच्या ओढीने तीन-चारशे पाने संपवणाऱ्या मुलाला परीक्षेतल्या उताऱ्याची धास्ती वाटत नाही, हे कोणताही भाषेचा शिक्षक सांगेल. दुसऱ्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवे. कारण या मातीत तो आक्षेप घेतला जातो तेव्हा त्याच्या मागे एका माणसाचे आयुष्य उभे असते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शाळा साताऱ्यात, कॉलेज सांगलीचे विलिंग्डन, डॉक्टरकीचे शिक्षण मिरजेत. म्हणजे हे दोन जिल्हे मिळूनच त्यांना घडवत गेले. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, पुढे ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादकपद सांभाळले आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले, तो त्याच वर्षी झाला. अशा माणसाच्या गावात मुलांना वेताळाच्या गोष्टी द्याव्यात का, हा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे.

याचे उत्तर शोधायला समितीच्या कार्यकर्त्यांचाच एखादा कार्यक्रम बघावा. शाळेच्या पटांगणात किंवा गावच्या चौकात ‘चमत्कार सादरीकरण’ चालते. कार्यकर्ता शेंडीचा नारळ हातात घेतो, करणी बाहेर काढतो म्हणून काहीबाही पुटपुटतो आणि नारळावर पाणी शिंपडतो. पाणी पडताच नारळ पेट घेतो! पुढच्या रांगेतली पोरे मागे सरकतात, मागची उभी राहतात. मग कार्यकर्ता शेंडी उलगडून दाखवतो. आत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो, आणि सोडियमला पाणी लागले की आग होते. इतके उलगडून झाल्यावर मुलांचा उत्साह मावळायला हवा. तो मावळत नाही. “सर, परत एकदा करा!” असा गलका होतो. युक्ती कळली तरी नवल उरते, किंबहुना वाढते.

जादूची गोष्ट वाचणारे मूल नेमके याच जागी उभे असते. हे खोटे आहे हे त्याला ठाऊक असते आणि तरी त्याला ते हवे असते. ‘आटपाट नगर होते’ असे म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याला आपण गोष्टीत शिरलो हे कळते, आणि गोष्ट संपली की तो बाहेर येतो. टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅकलिन वूली यांनी लहान मुलांच्या या समजेचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. शाळेत न जाणारी, तीन-चार वर्षांची मुलेही खरे आणि काल्पनिक यांत बऱ्यापैकी फरक करतात, असे त्यातून दिसते. भोंदूबाबाचा धंदा याच्या बरोबर उलटा. तो गोष्ट सांगतो, पण ती गोष्ट आहे हे लपवतो. वर भीती घालतो आणि पैसे उकळतो. ज्या मुलाने दहा चेटकिणी आणि वीस राक्षस पुस्तकात पाहिले आहेत, त्यांचे डावपेच ओळखले आहेत, त्याला पुढे असल्या माणसाचे सोंग लवकर ओळखू येण्याची शक्यता अधिक.

महाराष्ट्राच्या कायद्यानेही हा भेद मानला आहे. जादूटोणाविरोधी कायद्यात कीर्तन, प्रवचन, हरिपाठ, यात्रा यांना हात लावलेला नाही. दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणे, छापणे, पसरवणे हाही त्यात गुन्हा नाही. गुन्हा आहे तो चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणे, लुबाडणे, दहशत घालणे हा. कायदा करताना जे भान राखले गेले ते घराघरांतही राखता येईल.

सांगलीला तर अद्भुताची परंपरा नव्याने सांगायची गरज पडू नये. मराठी रंगभूमीचा जन्मच या शहरात राक्षसांच्या आरोळ्यांनी झाला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. त्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणायचा आणि पात्रे आयत्या वेळी सुचतील तशी भाषणे करायची. आधी गणपती यायचा, मग मोरावर बसलेली सरस्वती, विदूषकाचे चाळे व्हायचे, आणि पुढे कधीतरी राक्षसपार्टी ‘अललल्डुर्र’ करीत मंचावर घुसायची. पुढच्या काळातल्या सुशिक्षितांनी या नाटकांना नाके मुरडली, ‘अललल्डुर्र नाटके’ म्हणून हिणवले. पण गडकऱ्यांपासून तेंडुलकरांपर्यंतची सगळी मराठी रंगभूमी याच पायावर उभी राहिली, हे विसरता येत नाही. आजही 5 नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमी दिन साजरा होतो आणि ज्येष्ठ रंगकर्मीला भाव्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते. त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक शाळेत मुलांना एकदा तरी राक्षस होऊन ओरडू द्यावे.

सांगली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आटपाडी तालुका, म्हणजे माणदेश. पावसाने कायम पाठ फिरवलेला मुलूख. तिथल्या शेटफळ्यात 1919 मध्ये ग. दि. माडगूळकर जन्मले, शाळेसाठी औंधला राहिले, आणि त्यांनीच ‘देवबाप्पा’ या 1953 च्या चित्रपटासाठी मोराला पावसात नाचायला बोलावणारे ते बालगीत लिहिले. आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या गावचा माणूस साऱ्या महाराष्ट्राच्या पोरांना चिंब भिजवून गेला. जे भोवती नाही ते उभे करणे ही कल्पनाशक्ती, आणि ती अंगी येण्याआधी माणदेशात पाऊस पडावा लागला नाही.

वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी दुसरे काम केले. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी गावोगावच्या बायकांकडून ओव्या, उखाणे, कहाण्या, लोककथा गोळा करून त्यांचे संग्रह काढले. बोलणारे पक्षी, सावत्र आईने छळलेल्या राजकन्या, झाड होऊन उगवणाऱ्या मुली या बायकांच्या तोंडी होत्या. दिवसभर राबून, रात्री पोराला मांडीवर घेऊन सांगितलेल्या या गोष्टी. त्या सांगणाऱ्या बायका भोळ्या होत्या असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. सासुरवास, दुष्काळ, उपासमार त्यांनी भोगली होती, आणि हे असेच राहिले पाहिजे असे नाही एवढे मुलांना सांगायला त्यांच्याकडे राजा-राणीखेरीज दुसरी भाषा नव्हती.

कल्पनाशक्ती काय करू शकते याचे मराठीतले सर्वांत धडधडीत उदाहरण बहुधा नाथमाधवांचे असावे. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. ऐन तारुण्यात शिकारीला गेले असता ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली लुळे झाले. हिंडणेफिरणे संपले. अशा माणसाने अंथरुणाला खिळून लिहिलेली ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी 1913 मध्ये आली. भुयारे, कपटी मांत्रिक, तलवारबाजी यांनी भरलेली ती कादंबरी मराठी मुलांच्या कैक पिढ्यांनी चोरून वाचली, पांघरुणात वाचली, वर्गात बाकाखाली धरून वाचली. स्वतःच्या पायांवर उभा राहू न शकणारा लेखक हजारो मुलांना घोड्यावर बसवून दौडवत होता.

त्याही आधी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या होत्या. पुढे ‘चांदोबा’ आला आणि विक्रमाच्या पाठीवर लोंबकळणारा वेताळ घरोघरी पोहोचला. 1971 मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केले. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधल्या चेटकिणीने 2018 मध्ये पुन्हा रंगमंचावर येऊन नाट्यगृहे भरली. आपल्या मुलांना अद्भुत नको आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने त्या प्रयोगांना आलेली गर्दी आठवावी.

आजची अडचण वेगळीच आहे. मुलांना अद्भुत हवे आहे, पण ते त्यांना स्वतःच्या मुलखाचे मिळत नाही. हॅरी पॉटर मराठीत आला, टॉल्किनचा महाग्रंथही आला, आणि ही भाषांतरे झाली हे फार चांगले झाले. परंतु कराडच्या किंवा विट्याच्या मुलाला विलायतेतल्या जादूच्या शाळेचे जिने तोंडपाठ आणि आपल्या डोंगरातल्या एकाही काल्पनिक राज्याचे नाव ठाऊक नाही, ही उणीव लेखकांची आहे, मुलांची नाही. सामग्रीला काय तोटा आहे? बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून वासोट्याला जाताना कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांवरून नाव सरकत असते. कासच्या पठारावर टोपली कारवी सात-सात वर्षे दबा धरून बसते आणि मग एकदम सगळा माळ जांभळा करून टाकते. चांदोलीचे जंगल आहे, बत्तीस शिराळ्याच्या नाथपंथी दंतकथा आहेत. पाण्याखालच्या गावात अजून शाळा भरते, एवढ्या एका ओळीवर तीन खंडांची कादंबरी उभी राहील. ती कोणी लिहिली का?

मुले मात्र थांबत नाहीत. दिवाळीत साताऱ्याच्या गल्ल्यांमधून फिरले की हे दिसते. दगडमातीचा ढिगारा रचून किल्ला होतो, त्यावर मोहरी-अळीव पेरून जंगल उगवते, फुटक्या पाइपाचे भुयार होते, ताटलीतल्या पाण्याचा तलाव. बुरुजावर मावळा उभा असतो आणि पायथ्याशी कुठूनसा आलेला प्लॅस्टिकचा डायनोसॉर. कोणीतरी मोठा माणूस येऊन तो डायनोसॉर उचलायला सांगतो. ठेवू द्यावा! इतिहास शिकायला पुढे वर्षे पडली आहेत. त्या पोराच्या डोक्यात मावळा आणि डायनोसॉर यांची जी गोष्ट चालू आहे ती त्या क्षणी तोडली, तर पुन्हा जोडता येत नाही.

शाळांनीही हे ओळखले तर खूप काही होते. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादाची वाट धरली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक त्या पाहायला आले. मुलांनी स्वतः रचावे, जोडावे, बोलावे यावर तिथे भर होता. फळ्यावरचे उतरवून घेण्यापेक्षा मुलाला स्वतःचे सुचणे मोलाचे मानले की वर्ग बदलतो, हे जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांनी दाखवून दिले आहे. त्यासाठी श्रीमंत शाळा लागत नाही.

पुस्तके मात्र लागतात. 4 मे 2017 रोजी पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचे भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली आणि राज्य मराठी विकास संस्थेने ती उभी केली. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावात पंचवीस ठिकाणी, बहुतांशी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकांची कपाटे आली. कोणीही यावे, बसावे, वाचावे, पैसे लागत नाहीत. बालसाहित्यासाठी तिथे वेगळी जागा आहे. दुसरीकडे 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले आणि सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली. एका जिल्ह्यात घरे ग्रंथालये झाली, शेजारच्या जिल्ह्यात ग्रंथालयच बुडाले. ग्रंथालय पुन्हा उभे करताना संदर्भग्रंथ आणि गाजलेल्या कादंबऱ्या आधी येतात, हे समजण्याजोगे आहे. मुलांच्या गोष्टी शेवटी येतात, आणि बऱ्याचदा निधी त्याआधीच संपतो.

म्हणून या दोन जिल्ह्यांतल्या वाचनालयांच्या कार्यकारिणींना विनंती आहे. पुढच्या खरेदीत आधी मुलांचे कपाट भरा आणि त्यात अद्भुताला निदान एक पूर्ण फळी द्या. त्या कपाटाला कुलूप लावू नका. पुस्तके मळतील, फाटतील, तर फाटू द्या. ज्यांच्या माळ्यावर ‘चांदोबा’चे जुने गठ्ठे, नाथमाधव, मतकरी पडून आहेत त्यांनी ते रद्दीत न घालता गावच्या शाळेत नेऊन द्यावेत. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, ते शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावेत. आणि महाबळेश्वरला निघालेल्या पालकांनी वाटेत भिलारला गाडी थांबवून मुलांना निदान दोन तास तिथल्या बालसाहित्याच्या घरात सोडावे.